वरच्या मजल्याला नकार मिळाला, आता पुढे काय? इंग्लंडमध्ये घर वाढवताना लागणाऱ्या परवानग्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये तुमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं, घर आहे. आई-बाबा आता वर्षातले बरेच महिने तुमच्याकडे असतात आणि त्यांना जिना झेपत नाही. म्हणून मागच्या बाजूला साडेचार मीटर बाहेर येणारं एक्स्टेन्शन, त्यात त्यांची खोली आणि न्हाणीघर, आणि त्याच्यावर तेवढीच आणखी एक बेडरूम, असा अर्ज तुम्ही केलात. काउन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, तो फेटाळला. चार घरं सोडून पलीकडे अगदी तसंच बांधकाम उभं आहे. बिल्डर म्हणतो, ‘परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये सुरू करून टाकू, कोण बघायला येतंय?’ आणि बिल्डिंग कंट्रोलकडे चौकशी केलीत तर त्यांनी पाया खोल घ्या, बीमची गणितं द्या, असं सांगितलं. ‘एकच काउन्सिल, मग एक जण नाही म्हणतो आणि दुसरा आणखी खर्च का सांगतो?’ असं तुम्ही विचारलंय.

मी या देशात घरांचे नकाशे आणि परवानग्या यांचंच काम करतो, त्यामुळे हा संताप मी जवळून पाहिलेला आहे. त्यातला बराचसा रास्त आहे, तो कुठे रास्त आहे तेही सांगेन. पण सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. पत्ता एकच असला तरी प्लॅनिंग आणि बिल्डिंग कंट्रोल ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांचे कायदे वेगळे आणि त्यांना पडणारे प्रश्नही वेगळे. एकाचा होकार दुसऱ्याकडे चालत नाही आणि एकाचा नकार दुसऱ्याला बांधत नाही.

प्लॅनिंगचा प्रश्न जमिनीचा आणि शेजाराचा आहे. १९४७ चा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा १ जुलै १९४८ ला अमलात आला. त्या दिवसापासून जमीन तुमची असली तरी तिच्यावर काही उभारण्याचा हक्क आपोआप तुमचा राहिला नाही, तो परवानगीने मिळू लागला. ज्याला आपण परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतो तीसुद्धा परवानगीच आहे. संसदेने ती सगळ्यांना आधीच, ठरावीक मापांच्या अटीवर देऊन ठेवलेली आहे, एवढंच. बिल्डिंग कंट्रोल जे नियम तपासतं त्या बिल्डिंग रेग्युलेशन्सचा जन्म मात्र आगीतून झाला. १६६६ मध्ये लंडन जळलं आणि पुढच्याच वर्षी नवी घरं विटांची किंवा दगडाची बांधायची असा कायदा झाला. अगदी अलीकडचं म्हणाल तर २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली आणि त्यातून २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी कायदा आला. म्हणून प्लॅनिंगचा अधिकारी विचारतो, ‘शेजाऱ्याच्या खोलीत उजेड राहील का?’ आणि बिल्डिंग कंट्रोलचा माणूस विचारतो, ‘रात्री आग लागली तर आत झोपलेला माणूस बाहेर कसा पडेल?’ दोघांची पत्रं एकाच संतापात वाचली की दोन्हीही कळत नाहीत. (हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लावू नका.)

आता नकाराचं पत्र काढा. त्यात कारण दोन-तीन ओळींतच असेल, पण काउन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या अर्जाच्या क्रमांकाखाली अधिकाऱ्याचा सविस्तर अहवालही ठेवलेला असतो. बहुतेक लोक तो उघडतच नाहीत. तो आधी वाचा, कारण पुढची वाट त्यातच दिसते. तुमच्यासारख्या अर्जात आक्षेप बहुधा वरच्या मजल्यावर असतो. तळमजल्याबद्दल अधिकाऱ्याने काही वाईट लिहिलंय का, ते शोधा. लिहिलं नसेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

वरचा मजला अडतो तो बहुधा ४५ अंशांच्या रेघेवर. शेजाऱ्याच्या सगळ्यात जवळच्या राहत्या खोलीच्या खिडकीपासून तुमच्या बाजूला ४५ अंशांत नकाशावर रेघ मारायची. तुमची भिंत ती रेघ ओलांडत असेल तर त्यांचा उजेड आणि मोकळेपणा जातो, असं धरतात. काही काउन्सिलं खिडकीच्या मध्यापासून मोजतात, काही कडेपासून. समजा, शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीचा मध्य सामाईक हद्दीपासून २ मीटरवर आहे. मग ती रेघ घराच्या मागच्या भिंतीपासून २ मीटरवर हद्द ओलांडून तुमच्या आवारात शिरते. तुमची वरची खोली हद्दीला चिकटून साडेचार मीटर बाहेर येणार होती, म्हणजे ती रेघेच्या खूपच पलीकडे गेली. तीच खोली ३ मीटर बाहेर काढली आणि हद्दीपासून १ मीटर आत घेतली, तर रेघेवर बसते. थोडी आणखी आत घेतलीत तर वादालाच जागा उरत नाही. ही आकडेमोड अर्ज भरण्याआधी कागदावर व्हायला हवी होती. तुमच्या नकाशाकाराने ती केली होती का, हे त्यांना स्पष्ट विचारा.

ही ४५ अंशांची रेघ म्हणजे संसदेचा कायदा नव्हे. ती काउन्सिलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पुस्तिकेत असते आणि अधिकाऱ्याला तिच्यापासून थोडं हलता येतं. खिडकी न्हाणीघराची असेल, किंवा त्या खोलीला दुसऱ्या बाजूनेही खिडकी असेल, तर तसं लेखी मांडायला हवं. कोणीही न मांडल्यामुळे वाया गेलेले असे मुद्दे मी बरेच पाहिले आहेत.

मग चार घरं सोडून पलीकडच्यांना परवानगी मिळाली कशी? अंदाज करत बसू नका. प्लॅनिंगचं रजिस्टर सर्वांना खुलं असतं, त्या घराचा पत्ता टाकून पाहा. कदाचित ते बांधकाम सध्याची पुस्तिका यायच्या आधीचं असेल. कदाचित त्यांच्या शेजाऱ्याकडेही तेवढंच एक्स्टेन्शन असेल, म्हणजे झाकायला खिडकीच नव्हती. किंवा रजिस्टरमध्ये काहीच नसेल. ‘त्यांना दिली, मग आम्हालाही द्या’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण प्रत्येक अर्ज त्याच्या गुणांवर तपासला जातो. पण त्याच रस्त्यावर, तीच पुस्तिका लागू असताना, तशाच जागेला परवानगी दिल्याचं दिसलं, तर तो अहवाल नव्या अर्जासोबत जरूर जोडा. त्याला बगल द्यायची तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं.

तळमजल्याचा रस्ता तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. सेमी-डिटॅच्ड किंवा रांगेतल्या घराला मागे ३ मीटरपर्यंत आणि सुट्या घराला ४ मीटरपर्यंत एकमजली एक्स्टेन्शन परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसतं. त्याहून मोठं, म्हणजे तुमच्यासारख्या घराला ६ मीटरपर्यंत आणि सुट्या घराला ८ मीटरपर्यंत बांधायचं असेल, तर ‘प्रायर अप्रूव्हल’ घ्यावं लागतं. त्यात पूर्ण अर्ज करायचा नसतो. तुम्ही काउन्सिलला कळवता, काउन्सिल शेजाऱ्यांना कळवतं, त्यांना किमान २१ दिवस मिळतात आणि ४२ दिवसांत उत्तर यावं लागतं. शेजाऱ्यांनी हरकत घेतली नाही तर काउन्सिलला नाही म्हणायला फारसं काही उरत नाही. हरकत आली तरी आपोआप नकार होत नाही, शेजारच्या घरांवर काय परिणाम होईल तेवढंच तपासतात. ४२ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर कळवलेल्या मापांप्रमाणे काम सुरू करता येतं. तुमचे साडेचार मीटर या वाटेने जाऊ शकतात.

पण मापं काटेकोर आहेत. उंची ४ मीटरपेक्षा जास्त नको. हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल, आणि तुम्ही असणारच, तर छताची कड म्हणजे ईव्ह्ज ३ मीटरच्या वर जाता कामा नये. मूळ घर सोडून उरलेल्या आवाराचा अर्ध्याहून जास्त भाग बांधकामाखाली येऊ नये आणि त्यात बागेतली शेडही धरतात. बाहेरून दिसणारं साहित्य मूळ घराशी जुळतं हवं. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ ला होतं तसं, किंवा त्यानंतर बांधलं असेल तर पहिल्यांदा बांधलं तसं. तुमच्या आधीच्या मालकाने १९७० च्या दशकात मागे छोटं स्वयंपाकघर वाढवलं असेल, तर तुमचे साडेचार मीटर त्या स्वयंपाकघराच्या नव्हे, मूळ भिंतीपासून मोजले जातील. नवं काम त्या जुन्याला जोडलं तर दोन्हींची बेरीज नियमात बसावी लागते. बाजूने आणि मागून असं इंग्रजी ‘एल’च्या आकारात वळवायचा विचार असेल, तर बाजूच्या एक्स्टेन्शनचेही नियम लागतात आणि रुंदी मूळ घराच्या निम्म्यावर अडते. इथे भलेभले चुकतात.

आणि हे सगळं करण्याआधी तुमच्या घराला ही सवलत आहे ना, ते तपासा. फ्लॅट आणि मेझोनेटला (दुमजली फ्लॅटला) ती नसते. कॉन्झर्वेशन एरियात, म्हणजे जुनं रूप जपण्यासाठी राखलेल्या भागात, ६ मीटरची वाट बंद असते. काही ठिकाणी काउन्सिलने ‘आर्टिकल ४’ खाली सवलती काढून घेतलेल्या असतात, आणि नव्या वसाहतींत मूळ परवानगीतच ‘सवलती लागू नाहीत’ अशी अट घातलेली असते. तुमचं घर जुनं असल्याने शेवटची अडचण बहुधा नसेल, पण पहिल्या तीन स्वतः पाहून घ्या.

आता बिल्डरच्या सल्ल्याबद्दल. तो ज्याला परमिटेड डेव्हलपमेंट म्हणतोय ते तुमच्या नकाशाला लागू नाही. दुमजली एक्स्टेन्शन त्या सवलतीत फक्त ३ मीटर बाहेर येऊ शकतं, मागच्या हद्दीपासून ७ मीटर लांब असावं लागतं, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत ईव्ह्जची ३ मीटरची मर्यादा त्यालाही आहे. म्हणजे हद्दीला चिकटून दुसरा मजला त्यात कधीच बसत नाही. प्रायर अप्रूव्हलही काम सुरू केल्यावर मागता येत नाही. आधी खणलं तर ती वाट कायमची गेली. ‘कोण बघतंय’ याचं उत्तर असं आहे की शेजारी बघतो, आणि तुम्ही घर विकायला काढलंत की घेणाऱ्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, बघतो. पूर्वी चार वर्षं निभावली की विनापरवाना बांधकामावर कारवाई होत नसे. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती मुदत दहा वर्षं झाली. बिल्डर हे सांगत नाही, कारण त्याचं काम तीन-चार महिन्यांत संपतं आणि नोटीस घराच्या मालकाला येते.

मी तुमच्या जागी असतो तर हा क्रम धरला असता. आधी फक्त तळमजल्याच्या साडेचार मीटरसाठी प्रायर अप्रूव्हल. ते हातात आलं की नवा प्लॅनिंग अर्ज: खाली साडेचार मीटर, वर ३ मीटर आणि हद्दीपासून आत घेतलेली खोली, छप्पर मूळ छपरासारखंच उतरतं. खालच्या भागाचा हक्क तुमच्याकडे आधीच असल्यामुळे अधिकाऱ्याला तो गृहीत धरूनच विचार करावा लागतो. याला इथे ‘फॉलबॅक’ म्हणतात आणि त्याचं वजन खरोखर पडतं. परवानगी मिळाली की सगळं बांधकाम त्या एकाच परवानगीखाली करा. खालचा भाग सवलतीत आणि वरचा परवानगीत असं एकाच वेळी बांधायला गेलात, तर ते एकच बांधकाम ठरतं आणि सवलत हातची जाऊ शकते. वरच्या खोलीला पुन्हा नकार मिळाला, तरी आई-बाबांची खोली अडत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तिला वरच्या बेडरूमच्या दाव्याला बांधून ठेवू नये.

अपील करावं का? अशा घरगुती अर्जाच्या नकारावर १२ आठवड्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येतं आणि त्याला फी नाही. पण इन्स्पेक्टर नाकारलेलाच नकाशा पाहतो, सुधारलेला नाही. हद्दीला चिकटलेले वरचे साडेचार मीटर तो मान्य करेल असं मला वाटत नाही. रेघ जेमतेम शिवली असती, किंवा अधिकाऱ्याने न्हाणीघराची खिडकी राहत्या खोलीची म्हणून मोजली असती, तर मी अपील करा म्हणालो असतो. इथे तो वेळ नव्या नकाशाला द्या.

आता तुमच्या रागाचा रास्त भाग. १ एप्रिल २०२५ ला घरगुती अर्जाची फी २५८ पाउंडांवरून ५२८ पाउंड झाली. पूर्वी नकारानंतर वर्षभरात सुधारित अर्ज एकदा फुकट करता यायचा. ६ डिसेंबर २०२३ पासून केलेल्या अर्जांना ती सोय राहिली नाही. म्हणजे सामान्य कुटुंबाला चूक सुधारण्याची संधी गेली आणि सुधारायची किंमत दुप्पट झाली. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. मोठ्या विकासकाला ही रक्कम जाणवतही नाही, तुमच्यासारख्यांना जाणवते.

दुसरं दुखणं म्हणजे शांतता. निकाल आठ आठवड्यांत यायला हवा, पण ते आठवडे मोजायला सुरुवात होते अर्ज ‘व्हॅलिड’ ठरल्यावर. नकाशावर उत्तर दिशेचा बाण राहिला किंवा प्रमाण लिहिलं नाही, तर अर्ज कोणाच्या तरी टेबलावर तसाच पडून राहतो. मग सातव्या आठवड्यात अधिकाऱ्याची ई-मेल येते: थोडी मुदतवाढ द्याल का? लोक घाबरून लगेच ‘हो’ लिहितात. थांबा. १६ आठवड्यांत निकाल नाही आला तर फी परत मिळण्याचा हक्क आहे, आणि मुदतवाढीला लेखी होकार दिलात की तो जातो. म्हणून आधी विचारा: मुदतवाढ कशासाठी, आणि काय बदललं तर होकार मिळेल? ठोस उत्तर आलं, एखादी भिंत अर्धा मीटर आत घ्या असं सांगितलं, तर मुदतवाढ आनंदाने द्या, कारण नकारापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. नुसतं ‘कामाचा ताण’ असं उत्तर आलं, तर देण्याची सक्ती नाही. अर्थात तेव्हा ते सरळ नकार देऊन फाइल बंद करण्याचीही शक्यता असते, तो धोका ओळखून ठरवा. आणि ई-मेल लिहिताना चारच ओळी लिहा, वर अर्जाचा क्रमांक टाका, प्रश्न एकच विचारा. लांब तक्रारीला उत्तर उशिरा येतं.

नव्या अर्जाआधी ‘प्री-ॲप्लिकेशन’ सल्ला घ्यावा का? त्याची फी प्रत्येक काउन्सिल स्वतः ठरवतं आणि दिलेला सल्ला त्यांच्यावर बंधनकारक नसतो. साध्या तळमजल्यासाठी मी तो घेत नाही. तुमच्या वरच्या मजल्यासाठी घ्या, कारण एकदा नकार झालेला आहे आणि अधिकाऱ्याच्या मनात किती मीटर बसतात हे कळणं फी पुन्हा भरण्याआधी बरं.

बिल्डिंग कंट्रोलबद्दल मात्र माझा सूर वेगळा आहे. तिथे तुम्हाला छळ वाटतोय त्यातला बराच भाग तुमच्या आई-बाबांच्या बाजूचा आहे.

सगळ्यात आधी त्यांची खोली पाहा. तुमच्या नकाशात त्या खोलीत जायला स्वयंपाकघरातूनच वाट दिसते. अशा खोलीला ‘इनर रूम’ म्हणतात. स्वयंपाकघरात आग लागली तर आतला माणूस अडकला. म्हणून अशा खोलीला थेट बाहेर उघडणारं दार तरी हवं, नाहीतर सुटकेची खिडकी: उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी आणि उंची दोन्ही किमान ४५० मिलिमीटर, आणि मोकळ्या भागाची खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरपेक्षा वर नाही. नियमाला खिडकी पुरते. सत्तरीतल्या माणसाला ती पुरत नाही. गुडघे दुखणारी बाई रात्री खिडकीतून उडी मारणार नाही. तिथे बागेत उघडणारं, उंबरठा नसलेलं, रुंद दारच करा. शक्य असेल तर मांडणी बदलून ती खोली हॉलमधूनच उघडेल असं बघा. एकमेकांना जोडलेले, विजेवर चालणारे धुराचे अलार्म बिल्डिंग कंट्रोल सांगेलच. आई-बाबांच्या खोलीतही एक लावा, कारण दाराआडून आवाज ऐकू येईलच असं नाही.

पाया खोल का? लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये मोठ्या पट्ट्यात चिकणमाती आहे. ती पावसाळी हंगामात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि जवळ मोठं झाड असेल तर जास्तच. १९७६ च्या दुष्काळात अशा मातीवरच्या अनेक घरांना भेगा गेल्या आणि तेव्हापासून पायाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. चिकणमातीत किमान पाऊण मीटर खोली हवी. झाडाची जात, उंची आणि अंतर यांवर ती दीड-दोन मीटर किंवा त्याहून जास्तही होते. तुमच्या १९३० च्या दशकातल्या मूळ घराचा पाया उथळ असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून ‘घर नव्वद वर्षं उभं आहे की!’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. जुना भाग आपल्या जागी बसलेला आहे, नवा अजून बसायचा आहे, आणि दोघे वेगवेगळे हलले तर भेग नेमकी सांध्यात येते. वर मजला आज ना उद्या होणार असेल, तर तसं स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत्ताच सांगा. नंतर पाया वाढवणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खर्च.

बीमची गणितं मागतात, कारण तुम्ही मागची भिंत काढणार आहात आणि वरच्या मजल्याचं ओझं तिच्यावर आहे. बीमचं टोक सामाईक भिंतीत बसणार असेल, तर तिसरा कायदा लागतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

गटार तपासायला विसरू नका. १ ऑक्टोबर २०११ ला शेजाऱ्यांमध्ये सामाईक असलेल्या बहुतेक खासगी मलवाहिन्या पाणी कंपन्यांच्या मालकीच्या झाल्या. अशा रांगांत ती वाहिनी बहुधा मागच्या अंगणातून जाते, म्हणजे नेमकी तुमच्या एक्स्टेन्शनखालून. तिच्यावर किंवा तिच्यापासून ३ मीटरच्या आत बांधायचं तर पाणी कंपनीची वेगळी संमती लागते. मॅनहोल उघडून पाहा आणि पाणी कंपनीकडून नकाशा मागवा. पाया खणल्यावर वाहिनी सापडली की काम थांबतं आणि बिल्डरची माणसं मात्र रोजावर बसून राहतात.

उष्णतेचे नियम १५ जून २०२२ पासून कडक झाले. नव्या भिंतीला आणि फरशीला यू-व्हॅल्यू (उष्णता किती बाहेर निसटते त्याचं माप, कमी तेवढं बरं) ०.१८, छताला ०.१५, खिडक्यांना १.४. म्हणजे भिंतीची जाडी वाढते आणि साडेचार मीटरच्या नकाशात आतली खोली तुम्ही मनात धरली त्यापेक्षा लहान होते. पलंग आणि चाकाची खुर्ची फिरायची जागा आतल्या मापाने काढा, बाहेरच्या नव्हे. मागची भिंत सगळी काचेची करायची हौस असेल, तर काच फरशीच्या क्षेत्राच्या साधारण २५ टक्क्यांपर्यंत विनासायास चालते, त्यापुढे नुकसान भरून काढल्याचं गणित द्यावं लागतं.

परवानगीचा प्रकार निवडताना ‘बिल्डिंग नोटीस’ घेऊ नका, ‘फुल प्लॅन्स’ घ्या. नोटीस दिली की दोन दिवसांत काम सुरू करता येतं, म्हणून बिल्डरांना ती आवडते. पण त्यात नकाशा कोणी तपासलेला नसतो, चूक उभ्या भिंतीत सापडते आणि ती पाडायचा खर्च तुमचा. फुल प्लॅन्सचा निकाल साधारण पाच आठवड्यांत येतो आणि त्याच मंजूर नकाशावर बिल्डरकडून पक्की किंमत घेता येते.

तिसरा कायदा १९९६ चा पार्टी वॉल, म्हणजे सामाईक भिंतीचा, कायदा. त्याच्याशी काउन्सिलचा काही संबंध नाही, तो तुम्ही आणि शेजारी यांच्यातला आहे. हद्दीजवळ भिंत बांधणं, किंवा त्यांच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्यांच्या पायापेक्षा खोल खणणं, याला एक महिना आधी लेखी नोटीस लागते. सामाईक भिंतीत बीम बसवायला दोन महिने आधी. खणण्याच्या किंवा बीमच्या नोटिशीला १४ दिवसांत त्यांनी लेखी संमती दिली नाही, तर कायदा त्याला वाद मानतो, सर्व्हेअर नेमावे लागतात आणि दोन्हीकडच्या सर्व्हेअरची फी बहुधा तुम्हालाच भरावी लागते. म्हणून नोटीस टपालाने जाण्याआधी नकाशा घेऊन त्यांच्या घरी जा. वरची खोली आत घेतल्याचं दाखवा, आई-बाबांचं कारण सांगा, किती आठवडे आवाज होईल ते खरं सांगा. प्रायर अप्रूव्हलचं पत्रही त्यांच्याकडेच जाणार आहे. पहिली बातमी तुमच्याकडून गेली तर दोन्ही ठिकाणी फरक पडतो.

बिल्डरशी करार करताना हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा: पाया तपासला गेला, गटार तपासलं गेलं, बीम आणि उष्णतारोधन झाकण्याआधी तपासलं गेलं. प्रत्येक तपासणीची नोंद ई-मेलवर मागा. रकमेचा शेवटचा हिस्सा, पाच टक्के तरी, बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात येईपर्यंत राखून ठेवा आणि तसं करारात लिहा. ते सर्टिफिकेट आपोआप येत नाही. शेवटची तपासणी कोणीतरी बोलवावी लागते आणि इलेक्ट्रिशियनचा दाखला द्यावा लागतो, बॉयलर हलवला असेल तर गॅसचाही. पूर्ण पैसे मिळालेला बिल्डर त्यासाठी पुन्हा येत नाही.